वेलिका आजीच्या दारावरचा करकोचा

ओरेशकोवो, १२ ऑक्टोबर

प्रिय दुआर्ते,

तुझे रबरी बूट वाचनालयाच्या मागच्या दाराशी राहिले आहेत. पार्सलने पाठवू की पुढच्या स्वयंसेवक पोरांसाठी ठेवू, ते कळव. फोनवर तू उत्तर देत नाहीस, म्हणून हा कागद. पत्ता तुझ्या अर्जावरून उतरवून घेतला.

इकडे सगळं ठीक आहे. मिरच्या भाजायचा मोसम संपत आला, पण वास अजून गावभर आहे. माझ्या केसांनाही आहे. उग्ने लिथुआनियाला परत जाते म्हणते आणि दर सोमवारी बेत बदलते. तू गेल्यापासून पोरं राहतात त्या शाळेच्या इमारतीतली शेगडी कोणालाच नीट पेटवता येत नाही. परवा धुराने सगळी पोरं खोकत अंगणात आली, तेव्हा स्तानका काकू कुंपणावरून ओरडली, "त्या पोर्तुगीजाला हाकललंत ना? मरा आता थंडीत!" तुला कोणी हाकललं नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. प्रमाणपत्रावरही मी 'स्वेच्छेने मुदतीआधी काम सोडले' असंच घातलं आहे. ते सोबत आहे.

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात तुम्ही पोरांनी दारं रंगवलेल्या आपल्या रंगीत गावाचा फोटो आला. चौकातलं वेलिका आजीचं दार आणि त्यावरचा तुझा करकोचा. छान आला आहे. काम बघायला आलेल्या पाहुण्यांना तोच सगळ्यात आवडला होता. पुढच्या वर्षीसुद्धा बाहेरच्या देशांतून सात पोरं कामाला मिळणार, असं जवळजवळ ठरलं आहे. श्रेय तुझं आहे. अहवालात तुझं नाव मात्र घालता आलं नाही, कारण गावात सध्या ते कोणी चांगल्या तोंडाने घेत नाही.

चौकातल्या त्या दिवसाबद्दल एवढंच लिहिते. आजी शहरातून डोळ्याचं ऑपरेशन करून आली आणि बघते तर दारावरचा तिच्या मुलाचा कागद नाही, तिथे करकोचा. गाव तापणारच होतं. सरपंच दोब्रींनी विचारलं, "कागद कोणी काढला?" तू पुढे आलास, "मी" म्हणालास, आणि मग इंग्रजीत आणखी काही बोललास. ते मी आमच्या भाषेत लोकांना सांगितलं. जरा थोडक्यात सांगितलं. माणसं चिडलेली असताना शब्दाला शब्द जोडत बसलं की आगीत तेल पडतं. दुभाष्याला हे बघावं लागतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि गप्प राहिलास, तेव्हा तुलाही ते पटलं असं मी धरून चालले.

बुटांचं कळव.

नेवेना


३ नोव्हेंबर

दुआर्ते,

बुटांचं कळवलं नाहीस. बरं.

काल मृतांचा शनिवार झाला. सगळं गाव स्मशानात होतं. बायका थडग्यांवर वाइन ओततात, मेणबत्त्या लावतात, मग साखर घातलेले उकडलेले गहू पेल्यांतून एकमेकींना देतात. घेणारीने 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं आणि खायचं. वेलिका आजी फाटकापाशीच उभी होती, कारण आत तिचं कोणी नाही. तिचा प्लामेन स्पेनमध्ये इमारतीच्या कामावर पडून गेला आणि तिथेच पुरला गेला. इतक्या लांबून त्याला आणणार कोण? तिने माझ्या हातात पेला दिला. "घे पोरी, माझ्या प्लामेनचे. थडगं नाही त्याला. एक दार होतं, तेही गेलं."

मी 'देव त्याला क्षमा करो' म्हटलं आणि गहू खाल्ले. नाही खाल्ले तर अपमान होतो.

तुला आठवतं, तुम्ही आलात त्या दिवशी उग्नेने विचारलं होतं, "दारादारांवर हे फोटो कोणाचे? निवडणूक आहे का?" सगळे हसलात, मीपण हसले आणि विषय बदलला. खरं सांगायची लाज वाटली. ती आमची मेलेली माणसं, दुआर्ते. कोणी गेलं की नाव, वय, फोटो असा काळ्या चौकटीचा कागद छापून दाराला, विजेच्या खांबाला, बसथांब्याला लावतात. चाळिसाव्या दिवशी नवा, वर्षाने नवा, पुढे दर वर्षी, घरात लावणारं कोणी असेपर्यंत. जुना कोणी काढत नाही. ऊन-पाऊस नेईल तेव्हा नेईल, माणसाने हात लावायचा नाही. माझी आई दार रंगवायला घ्यायची तेव्हासुद्धा आजोबांच्या कागदाच्या भोवतीभोवतीने ब्रश फिरवायची.

आणि तू विचारलं होतंस. शिडीवरून खाली वाकून विचारलंस, "नेवेना, इथे काळ्या चौकटीचा कागद आहे, काळी फीतपण आहे. काढायचा का?" शिडी मी धरली होती. मी म्हटलं, "काढ. जुना कागद आहे."

माझ्या हातून तो निघाला नसता. माझ्याच काय, गावात कोणाच्याच हातून निघाला नसता. म्हणून तुझ्या हातून काढून घेतला. परक्या हाताला पाप लागत नाही, असलं काहीतरी डोक्यात असणार. पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते. आदल्या वर्षी काढलेल्या फोटोंत गावापेक्षा आमचे मेलेलेच जास्त दिसत होते आणि राजधानीतून, सोफियाहून आलेल्या एका बाईने मला हसत विचारलं होतं, "तुमच्याकडे जिवंत माणसं किती?" ते मला झोंबलं होतं. चौकात तरी एक दार स्वच्छ दिसावं, एवढंच हवं होतं.

आणखी एक राहिलं. चौकात आजी तुला उद्देशून बोलली, तेव्हा मी तुला 'त्या फार दुखावल्या आहेत' असं सांगितलं. ती तसं म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, "ज्या हाताने माझं पोर फाडलं, तो हात झडो." आमच्याकडे अशा शब्दांना लोक अजून भितात. मी शिकलेली आहे, मी भीत नाही.

नेवेना


१९ जानेवारी

दुआर्ते,

उग्नेने सांगितलं की तू स्केटबोर्डवरून पडलास आणि हात मोडलास. उजवा. ती हसत सांगत होती, की तू डाव्या हाताने सूप पितोस आणि निम्मं शर्टावर सांडतोस. बाकीची पोरंपण हसली.

कोणीही पडतं. तू तर इथे बर्फ नसतानाही दोनदा वाचनालयाच्या पायरीवरून घसरला होतास. हे मी स्वतःला सकाळपासून सांगते आहे.

मला पत्र लिहू नकोस, समजू शकते. पण बोटं हलतात का, एवढं उग्नेला सांग. ती मला सांगेल.

नेवेना


२ मार्च

दुआर्ते,

बोटं हलतात असं उग्ने म्हणाली. प्लास्टर निघालं, पण मूठ अजून पूर्ण मिटत नाही, असंही म्हणाली. ते वाक्य तिने गाळलं असतं तर मला बरं वाटलं असतं. बघ, मी कशी आहे.

आज आमच्याकडे क्षमेचा रविवार. उद्यापासून मोठा उपास, म्हणून त्याआधी धाकट्यांनी थोरल्यांच्या घरी जायचं, हाताचं चुंबन घ्यायचं आणि 'मला क्षमा कर' म्हणायचं. थोरल्यांनी 'केली, माझ्याकडून आणि देवाकडून' म्हणायचं आणि हलवा खायला द्यायचा. लहानपणी मी एका संध्याकाळीत सगळं गाव उरकायची, पोट बिघडेपर्यंत. या वर्षी फक्त एका घरी जायचं ठरवलं. चीज घालून भाजलेल्या बनित्साचं ताट घेतलं आणि आजीकडे गेले. वाटेत वाक्य दहादा म्हणून बघितलं: आजी, कागद मी काढायला लावला.

ती आता चौकातल्या दाराने येत-जात नाही. मागच्या भाजीच्या वाफ्यांतून वाट केली आहे, तिथून. मीही तिथूनच गेले, बूट चिखलाने भरले.

"आलीस?" ती म्हणाली. "मला वाटलं वाचनालयवाल्यांना क्षमाबिमा लागत नाही. तुमचं सगळं अहवालात भागतं."

मी हसले नाही. तिचा हात हातात घेतला, चुंबन घेतलं. "आजी, मला क्षमा कर."

"केली. माझ्याकडून केली, देवाकडूनही असो. हलवा घे."

"आजी, ऐक तरी. कशाबद्दल ते—"

"अगं, आज कशाबद्दल ते सांगायचं नसतं. एकेकीचं ऐकत बसले तर दिवस पुरायचा नाही. ती बरणीवाली मारिइका तर रडायला लागते. खा."

मी हलवा खाल्ला. खरंच खाल्ला, दुआर्ते. तोंडात घास होता तेवढा वेळ बोलायची गरज नव्हती. मग मी दुसऱ्याच वाटेने शिरले. "आणि त्या पोर्तुगीज पोराला? त्यालाही कर ना क्षमा."

"तो आलाय का मागायला?"

"तो लांब आहे, आजी."

"मग त्याचं आहे तिथेच राहू दे."

"त्याचा हात मोडला. उजवा. अजून मूठ मिटत नाही."

मला वाटलं, आता तिला दया येईल आणि माझं काम न बोलताच होईल. तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "देव बहिरा नाही म्हणायचा," असं म्हणाली आणि हलव्याचा आणखी एक तुकडा माझ्यापुढे सरकवला.

मी बाहेर आले ती क्षमा घेऊन. तिकीट न काढता जत्रेतल्या पाळण्यात बसून घेतलं आणि दुसऱ्याला खाली ढकलून आले, तसं वाटलं. मला क्षमा, तुला शाप, आणि दोन्ही एकाच तोंडून, एकाच कामाबद्दल.

तू चौकात काय म्हणालास, ते मला पाठ आहे. "मी काढला. मी आधी विचारलं होतं, काढ म्हणाले म्हणून काढला. पण आजींनाच विचारायला हवं होतं. मला माफ करा." आणि मी लोकांना सांगितलं, "तो म्हणतो, मीच काढला, मला माहीत नव्हतं, माफ करा." मधलं वाक्य मी गिळलं. तोवर तुला आमची भाषा बरीच कळायला लागली होती. म्हाताऱ्यांशी गप्पा मारून तूच सगळ्यांत आधी शिकलास. मी काय गिळलं ते तुला कळलं. तू तोंड उघडलं असतंस तर माझी नोकरी गेली असती. तू उघडलं नाहीस. मला वाचवायला म्हणून की माझा वीट आला म्हणून, ते मला अजून समजत नाही. बहुतेक वीट.

नेवेना


९ मार्च

दुआर्ते,

सांगितलं.

बुधवारी गेले. आजी खिडकीपाशी बसून दह्याच्या रिकाम्या डब्यांत मिरचीचं बी लावत होती. मी उभ्याउभ्याच बोलले. बसले असते तर पुन्हा कसला तरी घास तोंडात आला असता. म्हटलं, "आजी, त्या पोराने मला विचारलं होतं. मीच काढ म्हणाले. कागद काय आहे ते मला माहीत होतं, त्याला नव्हतं."

ती बी लावत राहिली. तो डबा पुरा झाला, मग म्हणाली, "चौकात तो काय बोलला होता, ते आता सांग. अख्खं."

मी अख्खं सांगितलं.

"ते मधलं इतके दिवस कुठे ठेवलं होतंस?"

तिने पुढचा डबा जवळ ओढला.

"हात मोडला म्हणालीस ना त्याचा?"

"हो."

तिने मातीचे हात एप्रनला पुसले आणि ती कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीपुढे जाऊन उभी राहिली. "मी त्या पोराचा हात खाल्ला," ती म्हणाली. "कोणाच्या तरी आईचं पोर, आणि मी त्याचा हात खाल्ला. वर देवाला शाबासकीसुद्धा दिली."

मी म्हटलं, "आजी, तो स्केटबोर्डवरून पडला. कोणीही पडतं."

"तू गप. तुझं भाषांतर नको मला."

मग वळली. दुआर्ते, ऑपरेशनपासून तिचे डोळे फार स्वच्छ झाले आहेत. त्यांच्यासमोर उभं राहणं सोपं नाही. म्हणाली, "हात झडो म्हणाले मी. जीभ झडो म्हणायला हवं होतं."

"मग आता म्हण," मी म्हटलं. मला ते खरंच हवं होतं.

"कसं म्हणू? रविवारी क्षमा देऊन बसले ना तुला! हलवापण खाऊन गेलीस, सटवे. दिलेली परत घेता येत नाही. येत असती तर घेतली असती, देवाशपथ."

मी नवा कागद शहरातून छापून आणते म्हणाले. तर म्हणाली, "तू नको. मी जाईन बसने. आता दिसतं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावाच्या गाडीपाशी गाव जमलं, तेव्हा तिथे मीच सगळ्यांना सांगितलं. स्तानका काकू आधी विश्वासच ठेवेना, मग माझ्या हातात नेहमीचा पाव देणाऱ्या बाईला म्हणाली, "हिला शेवटी दे." सरपंच दोब्री मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता कशाला उकरून काढतेस? अहवाल गेला, पोरं मंजूर झाली." मी म्हटलं, पोरं येऊ देत, त्यांना सांभाळायला दुसरं कोणी बघा. ते म्हणाले, दुसरं कोण आहे इथे? तेही खरंच आहे. त्यामुळे मी अजून वाचनालयात आहे आणि लोक पुस्तकं बदलायला येतात ती टेबलावर ठेवून, न बोलता जातात. तुझ्याबद्दल मात्र बोलतात. चार दिवसांत तू देवमाणूस झालास. तू पोस्टाच्या म्हाताऱ्याची लाकडं कशी फोडलीस, कोणाच्या शेळीला खड्ड्यातून कसं काढलंस. शेळी तू काढली नव्हतीस, पण मी काही दुरुस्त केलं नाही.

काल आजीने निरोप धाडून बोलावलं. "त्याला लिही," म्हणाली. "त्याची भाषा जाणणारं दुसरं कोणी नाही, म्हणून तुला सांगते, लाडाने नाही." ती बोलत गेली, मी लिहून घेतलं. खाली आहेत ते सगळे तिचे शब्द.

"पोरा, मी वेलिका, दारवाली. मी तुला वाईट बोलले होते. ते चर्चमध्ये जाऊन, मेणबत्ती लावून मागे घेतलं. तरी मूठ मिटली नाही तर कळव, आणखी काय करता येतं ते बघते. हाडाला दही चांगलं. तू मला विचारलं नाहीस म्हणून चुकलं म्हणालास, पण मी इस्पितळात, तू विचारणार कोणाला? जी होती तिला विचारलंस. करकोचा राहू दे. पाय तेवढे कोंबडीचे काढलेस. आता मला एक सांग. डोळे अधू झाल्यापासून मला शहरात जाऊन नवा कागद आणणं जमलं नव्हतं. जुनाच होता. दिसायचा नाही, म्हणून येता-जाता त्यावर हात ठेवायची आणि प्लामेनला काय ते सांगायची. ऑपरेशन केलं ते त्याला बघायला. आता स्तानका म्हणते, उन्हाने तो कागद कधीच पांढरा झाला होता, चेहरा उरलाच नव्हता. भांडणात म्हणाली, म्हणून खरं धरवत नाही. बाकी कोणाला विचारलं तर माझी कीव करून बोलतील. तू जवळून बघितलास. सगळ्यांत शेवटी तूच बघितलास. चेहरा होता का, पोरा? की मी इतकी वर्षं कोऱ्या कागदाशी बोलत होते?"

हे लिहून झाल्यावर मी म्हटलं, "आजी, मीपण बघितला होता तो. शिडी धरून तिथेच उभी होते. मी सांगते."

"तुला विचारलं नाही," ती म्हणाली. "तू मला बरं वाटेल तेच सांगशील."

तेव्हा दुआर्ते, याचं उत्तर मला पाठवू नकोस, तिला पाठव. आमच्या भाषेत लिही, येईल तसं, चुका झाल्या तरी चालतील. पाकिटावर माझं नाव नको, वाचनालयाचा पत्ताही नको. अक्षर मोठं काढ. ती स्वतः वाचणार आहे, मधे कोणी नको म्हणते.

नेवेना